आईचा छातीचा फोटो साफ आहे, तरी व्हेंटिलेटर निघत नाही. श्वासाचे स्नायू अशक्त झाले म्हणजे नेमकं काय?

फलटणकर

नमस्कार मंडळी. आईबद्दल विचारायचं आहे. वय ६१, मधुमेह जुना. गेल्या महिन्यात न्यूमोनिया झाला. फलटणहून पुण्याला आणेपर्यंत बीपी पडलं होतं. डॉक्टर म्हणाले सेप्सिस आहे, म्हणजे जंतुसंसर्गाचा परिणाम अख्ख्या शरीरावर झालाय, आणि त्याच रात्री व्हेंटिलेटरवर घेतलं. सुरुवातीला वाचेल की नाही हेच कुणी सांगत नव्हतं. मग ताप उतरला, बीपीची औषधं बंद झाली, लघवी व्हायला लागली. आम्हाला वाटलं, सुटलो.

नळी काढली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे परत टाकावी लागली. त्यानंतर ट्रॅकिऑस्टॉमी केली, म्हणजे गळ्याला छिद्र पाडून तिथून नळी बसवली. आता ती पूर्ण शुद्धीत आहे, सगळं समजतं. माझा हात धरला की चांगला घट्ट दाबते. पण मशीन काढून टी-पीसवर ठेवलं, म्हणजे नळीला नुसता ऑक्सिजन जोडून तिचा तिला श्वास घ्यायला लावलं, की अर्ध्या-पाऊण तासात श्वास मिनिटाला ३५-४० वर जातो, घामाने डबडबते, आणि पुन्हा मशीन लावावं लागतं.

डॉक्टरांनी छातीचा फोटो दाखवला. आधी जिथे पांढरं होतं तिथे आता काळं दिसतंय. म्हणाले, फुप्फुसं बरी झाली आहेत, पण श्वासाचे स्नायू अशक्त आहेत, वेळ लागेल. भेटीच्या वेळेत यापेक्षा जास्त बोलणं होत नाही. त्यांच्यामागे एवढे पेशंट, मी त्यांना दोष देत नाही.

घरात दोन तट पडलेत. मामा म्हणतात, मशीनची सवय लागली, आता सुटायची नाही, घरी नेऊ. बहीण ऐकायला तयार नाही. निर्णय माझ्यावर येणार हे दिसतंय, आणि मला तो समजून घ्यायचा आहे. हातात एवढी ताकद असताना श्वासात का नाही? ती परत येते का? आम्ही काही करू शकतो का?

मिरजेची फिजिओ

फलटणकर दादा, मामांचं ऐकून घाईने काही ठरवू नका, एवढं आधी सांगते. ‘मशीनची सवय लागली’ हे मी आयसीयूच्या दाराबाहेर सारखं ऐकते आणि दर वेळी जीव तुटतो, कारण त्याचा बोल शेवटी पेशंटलाच लागतो. प्रयत्न करत नाही, घाबरते, मनाने खचली, असं सुरू होतं. तुमची आई प्रयत्न करते आहे. श्वास चाळीसवर जातो तो त्या प्रयत्नामुळेच.

मी आयसीयूत फिजिओथेरपिस्ट आहे. तुमच्या आईला मी तपासलेलं नाही, त्यामुळे तिच्याबाबतचा शेवटचा शब्द तिच्या डॉक्टरांचा. पण हे काय असतं ते सांगू शकते.

छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखा एक पातळ स्नायू असतो. शाळेच्या पुस्तकात त्याला श्वासपटल म्हणतात, आम्ही डायफ्राम म्हणतो. तो आकसून खाली सरकला की छातीची पोकळी वाढते आणि हवा आत येते. शांत श्वासातलं बहुतेक काम तोच करतो. सोनोग्राफीवर मोजला तर धडधाकट माणसातही त्याची जाडी साधारण दोन मिलिमीटरच भरते. जन्मल्यापासून तो कधी थांबलेला नसतो. व्हेंटिलेटर हवा आत ढकलू लागला आणि वर झोपेचं औषध सुरू असलं, की आयुष्यात पहिल्यांदा त्याला काम उरत नाही. मग तो झिजतो, आणि हातापायांपेक्षा कितीतरी लवकर झिजतो.

किती लवकर, ते २००८ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं. मेंदूमृत झालेले १४ अवयवदाते होते, व्हेंटिलेटरवर १८ ते ६९ तास, श्वासपटल पूर्ण थांबलेलं. त्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. ज्यांचं मशीन शस्त्रक्रियेपुरतं दोन-तीन तास चाललं होतं त्यांच्याशी तुलना केली, तर या १४ जणांच्या स्नायूतंतूंचा छेद निम्म्याहून कमी भरला. तीन दिवसांच्या आत! तुमच्या आईला आठवडे झालेत, आणि त्यात सेप्सिस. सेप्सिसमध्ये शरीर स्वतःच्याच स्नायूंमधलं प्रथिन तोडून वापरतं, कधी कधी नसाही दुखावतात.

हाताच्या ताकदीचं विचारलंत ते बरं केलंत, कारण इथे बरेच जण फसतात. पॅरिसच्या डॉक्टरांनी ७६ पेशंटना मशीन काढण्याच्या पहिल्या चाचणीच्या वेळी तपासलं. हातापायांची अशक्तता ३४ टक्क्यांत होती, आणि श्वासपटलाची ६३ टक्क्यांत. म्हणजे आई हात घट्ट दाबते हे चांगलंच आहे, पण त्यावरून श्वासाचा अंदाज येत नाही.

पुढच्या भेटीत ती टी-पीसवर असेल तर तिच्या पोटाकडे बघा. श्वास आत घेताना बेंबीच्या वरचा भाग वर यायला हवा. श्वासपटल दमलं की उलटं होतं, छाती वर उचलते आणि पोट आत ओढलं जातं. मानेचे स्नायू दोरीसारखे ताठ दिसतात, गळ्याच्या हाडांच्या वर खड्डे पडतात. हे दिसायला लागलं की घाम येईपर्यंत थांबायचं नसतं, सिस्टरना तेव्हाच सांगा.

आणखी एक हिशेब तुम्ही स्वतः करू शकता. मशीनचा आधार अगदी कमी केलेला असताना मिनिटाचे श्वास आणि एका श्वासातली हवा विचारा. श्वासांना लिटरमधल्या हवेने भागायचं. ३६ श्वास आणि दर श्वासाला २५० मिलिलिटर, म्हणजे ३६ भागिले ०.२५, उत्तर १४४. हा आकडा १०५ च्या वर असेल तर मशीन काढल्यावर माणूस बहुधा टिकत नाही. २४ श्वास आणि ४०० मिलिलिटर असले तर ६० येतात. दिवसागणिक हा आकडा कुठे चाललाय ते बघा. एका दिवसाच्या आकड्यावर हसू नका, रडू नका.

ताकद परत येते का? येते, बऱ्याच जणांची येते, पण आठवड्यांच्या हिशेबाने. फ्लोरिडात २०११ साली ज्यांचं मशीन निघतच नव्हतं अशा ६९ पेशंटवर काम झालं. एका गटाला श्वास आत घेताना अडथळा देणारं छोटं उपकरण ट्रॅकीला जोडून व्यायाम दिला. चार फेऱ्या, एका फेरीत ६ ते १० श्वास, मधल्या वेळात मशीनवर विश्रांती, आठवड्यातून पाच दिवस. २८ दिवसांत त्यांच्यातल्या ७१ टक्क्यांचं मशीन निघालं, दुसऱ्या गटात ४७ टक्क्यांचं. अभ्यास छोटा आहे, आणि असं उपकरण आपल्याकडे प्रत्येक आयसीयूत नसतं. पण विचारून बघा. नसलं तर टी-पीस हाच व्यायाम आहे, फक्त तो व्यायामासारखा द्यावा लागतो.

माझा आग्रह नेहमी वेळापत्रकाचा असतो. सकाळी सक्शन करून घ्यायचं, म्हणजे नळीतला कफ ओढून काढायचा, पाठ उंच करायची किंवा खुर्चीत बसवायचं, आणि मग वीस मिनिटं टी-पीस. दम लागायच्या आधी थांबायचं. संध्याकाळी पुन्हा. उद्या पाच मिनिटं वाढवायची. आणि रात्री पूर्ण आधार, मशीन कमी करायचं नाही, तिला झोपू द्यायचं. एकदा पार दमवलेलं श्वासपटल सावरायला चोवीस तासही पुरत नाहीत, म्हणून ‘आज सहन करू दे’ म्हणत ताणलं की पुढचा अख्खा दिवस वाया जातो. नुसतं पडून राहणं वाईट आणि झुंजत राहणंही तितकंच वाईट. टोरोंटोच्या डॉक्टरांनी रोज सोनोग्राफी करून दोन्ही बाजूंचं नुकसान मोजलंय.

डॉक्टरांना विचारायच्या गोष्टी कागदावर लिहून न्या. फॉस्फरस, मॅग्नेशियम, पोटॅशियम तपासलंय का? फॉस्फरस कमी असला की श्वासपटलाची ताकद घटते, आणि उपाशी पोटाला अचानक जास्त अन्न मिळालं की तो झपाट्याने खाली येतो. थायरॉइड बघितलंय का? राइल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून, प्रोटीन किती जातंय? झोपेचं औषध रात्री अजून चालू आहे का? श्वासपटलाची सोनोग्राफी होईल का?

आणि तीन चेंडूंचा स्पायरोमीटर विकत आणू नका. सगळे आणतात. ट्रॅकीच्या नळीभोवतीचा फुगा फुगवलेला असताना तोंडाने ओढलेली हवा फुप्फुसात जातच नाही.

फलटणकर

ताई, किती लिहिलंत! बहिणीला फोनवर वाचून दाखवलं, ती रडायला लागली. पोटाचं तुम्ही म्हणालात ते आज बघितलं, तंतोतंत तसंच. छाती वर आणि पोट आत. इतके दिवस आम्ही तिच्या तोंडाकडे बघत ‘आई, मोठा श्वास घे, मोठा श्वास घे’ म्हणत होतो.

घरी नेण्याबद्दल मात्र मामांचा आग्रह चालूच आहे. पैशाचाही प्रश्न आहे, लपवत नाही.

धायरीचा

माझ्या धाकट्या भावाचं सांगतो. आजार वेगळा होता, गिया-बारे नावाचा नसांचा आजार, पण प्रश्न हाच. २०२५ च्या जानेवारीत आमच्या सिंहगड रोड भागात साथ आली होती ते सगळ्यांना आठवत असेल. पुण्यात दोनशेच्या वर संशयित पेशंट झाले, दूषित पाण्याचं कारण निघालं, बऱ्याच नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला. भावाला आधी जुलाब, मग पायांना मुंग्या, मग जिना चढता येईना.

ॲडमिट केल्यावर डॉक्टर दर दोन तासांनी येऊन त्याला एका श्वासात आकडे मोजायला लावायचे. एक, दोन, तीन, चार, असं मध्ये श्वास न घेता. सकाळी तीसच्या पुढे गेला. संध्याकाळी वीसही होईनात. बोटाला लावलेल्या मशीनवर ऑक्सिजन तेव्हाही ९८ होता, आम्ही म्हणत होतो सगळं तर ठीक आहे. त्या डॉक्टरीण बाईंनी सांगितलं, ऑक्सिजन पडायची वाट बघितली तर उशीर होईल, या आजारात स्नायू आधी जातात. आणि त्याच संध्याकाळी आयसीयूत हलवलं. रात्री नळी टाकली. त्या बाईंमुळे भाऊ आहे, हे मी कुठेही सांगेन.

त्यालाही ट्रॅकी होती. मशीन निघायला खूप दिवस लागले आणि मधे दोनदा मागे गेला. त्याने नंतर सांगितलेलं लिहितो. टी-पीसवर असताना ऑक्सिजन ठीक आहे, फोटो ठीक आहे असं सगळे म्हणायचे, आणि त्याला वाटायचं छातीवर कुणीतरी बसलंय, पण बोलता येत नाही. आईला हो-नाहीची खूण ठरवून द्या. ‘दम लागला’साठी वेगळी खूण. आम्ही पाटीवर चार चित्रं काढली होती, दम, दुखतंय, कफ, तहान. तो बोट ठेवायचा. त्याची भीती निम्मी झाली.

यवतमाळचा डॉक्टर

फिजिओ ताईंनी मुद्देसूद लिहिलं आहे. मी थोडी भर घालतो.

आमच्याकडे कपाशीवर फवारणीच्या दिवसांत विषबाधेचे रुग्ण येतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा देशभर बातम्या झाल्या. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकात एक प्रकार असतो. पहिला झटका ओसरतो, लाळ थांबते, रुग्ण बोलू लागतो, नातेवाईक घरी न्यायच्या गोष्टी करतात. आणि साधारण २४ ते ९६ तासांच्या दरम्यान श्वासाचे स्नायू बसतात. १९८७ मध्ये श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी याचं पहिलं नीट वर्णन केलं. आम्ही अशा प्रत्येक रुग्णाला सकाळ-संध्याकाळ सांगतो, उशीवरून डोकं उचल बरं. ज्याला उचलता येत नाही त्याला वॉर्डातून आयसीयूजवळ आणतो. मान वाकवणारे स्नायू आणि श्वासाचे स्नायू बरेचदा बरोबरीने पडतात. तुमच्या आईंचा आजार वेगळा आहे, तरी त्या उशीवरून डोकं उचलून धरू शकतात का, हे बघण्यासारखं आहे. खोकल्यात जोर किती, तेही. मशीन निघालं आणि खोकला नसला तर कफ अडकतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

नातेवाईकांना मी नेहमी एक इतिहास सांगतो. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली. मुलांची फुप्फुसं मुळात चांगली, पण श्वासाचे स्नायू बंद. ब्लेगडॅम रुग्णालयात ब्योर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने गळ्याला छिद्र पाडून, नळी घालून, रबरी पिशवी हाताने दाबत श्वास द्यायचं ठरवलं. साधारण १५०० वैद्यकीय विद्यार्थी आळीपाळीने खाटेशेजारी बसून दिवस-रात्र पिशव्या दाबत होते, काही मुलांसाठी महिनोन्महिने. आधी असे दहातले आठ-नऊ रुग्ण जात होते, ते प्रमाण निम्म्याहून खाली आलं. आज आपण ज्याला आयसीयू म्हणतो त्याची सुरुवात तिथून धरतात. म्हणजे ट्रॅकिऑस्टॉमी झाली, आता संपलं, असं समजू नका. लांबलेल्या केसमध्ये ती सोयच आहे. झोपेचं औषध कमी लागतं, तोंड मोकळं राहतं, बसवता येतं.

आता घरी नेण्याबद्दल. याचे दोन अर्थ होतात आणि घरातल्या भांडणात ते कुणी वेगळे करत नाही. एक म्हणजे छोटा व्हेंटिलेटर, सक्शन मशीन, इन्व्हर्टर आणि चोवीस तास शिकलेला माणूस अशी व्यवस्था करून नेणं. ते होतं, पण खर्च आणि कष्ट दोन्ही मोठे. दुसरा अर्थ, मशीन काढून नेणं. मामा कोणत्या अर्थाने म्हणताहेत ते त्यांना स्पष्ट विचारा. दुसऱ्या अर्थाने म्हणत असतील तर आई शुद्धीत आहेत, त्यांना सगळं समजतं. त्यांना वगळून हा निर्णय कुणालाही घेता येणार नाही, तुम्हालाही नाही. डॉक्टरांसमोर, बहीण हजर असताना, त्यांना विचारा.

पैशाचं म्हणाल तर रुग्णालय महात्मा फुले योजनेत असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला आजच गाठा. नसेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात हलवता येईल का, हे डॉक्टरांशीच बोला. एकच आजार म्हणजे अशक्तता, बाकी अवयव ठीक, असा रुग्ण हलवणं तुलनेने सोपं असतं.

सगळेच सुटतात असं मी म्हणणार नाही. वय, मधुमेह, किती दिवस झाले, यावर बरंच अवलंबून असतं. मशीन निघाल्यावरही जिना, अंघोळ, स्वयंपाक याला महिने लागतात. पण फुप्फुसं साफ, बीपी स्थिर, मेंदू शाबूत, अशा रुग्णासाठी आत्ता हात टेकणं मला पटत नाही.

फलटणकर

सगळ्यांना हात जोडून धन्यवाद. आज डॉक्टरांना कागद दिला, त्यांनी बसून उत्तरं दिली. फॉस्फरस खरंच कमी होता, कालपासून देताहेत. सोनोग्राफी झाली. श्वास घेताना श्वासपटल १४ टक्के जाड होतं म्हणाले, २० च्या वर हवं. हिशेबाचा आकडा आज १३१ आला. सकाळ-संध्याकाळचं वेळापत्रक सिस्टरनी खाटेपाशी चिकटवलंय.

डोकं उचललं, पण फार वेळ धरता आलं नाही.

आईला विचारलं. बहीण होती, मामाही होते. तिने पाटीवर आधी लिहिलं, ‘चष्मा’. इतके दिवस चष्मा घरी राहिला होता, कुणाच्या लक्षातच आलं नाही. मी माझा दिला, तेवढ्यावर तिने पुढचं लिहिलं, ‘इथेच राहते. पैसे आहेत का?’ मामा बाहेर जाऊन बसले. संध्याकाळी त्यांनीच आरोग्यमित्राला गाठलं.

ताई, एक विचारतो. तिला आमच्याशी बोलायचं आहे. ट्रॅकीवर बोलता येणारी झडप असते असं कुणीतरी सांगितलं. ती आत्ता लावता येईल का?

मिरजेची फिजिओ

असते, स्पीकिंग व्हॉल्व म्हणतात. पण ती लावताना ट्रॅकीचा फुगा पूर्ण रिकामा करावा लागतो. फुगा भरलेला असताना लावली तर श्वास आत जाईल पण बाहेर पडायला वाटच राहणार नाही, जीव घुसमटेल. त्यामुळे हे फक्त डॉक्टर आणि तिथले फिजिओ हजर असताना, आधी लाळ गिळता येते का ते बघून. तुम्ही कुणी हात लावू नका. शिवाय झडपेमुळे श्वासाचं काम थोडं वाढतं, म्हणून मी असते तर आधी टी-पीसवर दोन-तीन तास आरामात निघू दिले असते आणि मग पाच मिनिटांपासून सुरुवात केली असती. उद्या राऊंडला विचारून ठेवा, म्हणजे त्यांच्याही डोक्यात राहील.

१३१ अजून १०५ च्या वर आहे, पण एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका. उद्याचा आकडा इथे टाका. आणि तिचा स्वतःचा चष्मा फलटणहून मागवून घ्या, श्रवणयंत्र किंवा कवळी असेल तर तीही.